घरसंसार : फरशी फोडण्याआधी कपाट उघडा

आयटीआय झालेली आपली मुले पूर्वी मस्कत-दुबईला जात. आता त्यात जर्मनीची भर पडली आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याबाबत करार केला आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन, परिचारिका झालेल्या मुलामुलींच्या घरी त्या देशाचे नाव निघू लागले. मुलगा तिकडे भाड्याचे घर घेतो, बायको-लेकराला नेतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात आईला फोन येतो : "आई, इथे फरशीतून ऊब येते म्हणतात, पण बाळाची खोली काही तापत नाही. घरमालक म्हणतो, फरशी फोडावी लागेल, उन्हाळ्यात बघू." बाहेर बर्फ पडत असताना उन्हाळ्यापर्यंत तान्ह्या मुलाने काय करायचे? म्हणून या खेपेला आम्ही या फरशीच्या उबेविषयीच लिहायचे ठरवले. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हा मजकूर त्यांना जरूर पाठवावा.

फरशी तापवण्याची कल्पना नवी नाही. कोरियात चुलीचा धूर घराच्या दगडी जमिनीखालून फिरवून बाहेर सोडत, त्यावर अंथरूण घालून माणसे झोपत. आजच्या जर्मन घरात धुराऐवजी पाणी फिरते. खाली थंडी अडवणारा थर, त्यावर बोटाएवढ्या जाडीची प्लास्टिकची नळी नागमोडी किंवा गोल गोल अंथरलेली, तिच्यावर सिमेंटचा कोबा आणि वर टाइल किंवा लाकूड. नळीतून जाणारे पाणी आंघोळीच्या पाण्याइतकेही कढत नसते. बहुधा ३० ते ४० अंशांच्या आसपास.

इथेच पहिला घोटाळा होतो. आपल्या माणसाला वाटते, फरशी तापली म्हणजे पायाला चटका बसला पाहिजे. तसे मुळीच नाही. राहत्या खोलीत फरशी २९ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, असा तिथला नियम आहे. फरशी २४-२५ अंशांवर असेल तर तळव्याला ती कोमटही लागत नाही, तरी खोली २०-२१ अंशांवर राहू शकते. म्हणून आधी पायाचे ऐकू नये. एक साधा थर्मामीटर आणावा, खिडकीपासून दूर, छातीच्या उंचीवर टांगावा आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट सवयीची. कामावर जाताना बटण बंद, आल्यावर चालू, ही काटकसर इथे अंगाशी येते. एवढा जाड कोबा तापायला कित्येक तास लागतात. संध्याकाळी सहाला चालू केलेली ऊब मध्यरात्री येते, तोवर घर झोपलेले असते. थंडीच्या दिवसांत एकाच आकड्यावर चालू ठेवावे, हेच बरे.

आणि आपली गादी! आपण जमिनीवर झोपणारी माणसे. सतरंजी, त्यावर गादी, त्यावर गोधडी, आणि दिवसभर ते तसेच पसरलेले. गोधडीचे काम ऊब अडवणे हेच आहे, ती खालून येणारी ऊबही तितक्याच इमानाने अडवते. बिनपायांचा दिवाण, जाड गालिचा यांचेही तेच. खोलीतली मोकळी फरशी जितकी कमी, तितकी खोली थंड. अंथरूण दिवसा गुंडाळून ठेवावे.

एवढे करूनही आकडा १७-१८ च्या वर जात नसेल तर मात्र कपाटाकडे वळावे. प्रत्येक घरात कुठेतरी भिंतीत पत्र्याचे एक चपटे कपाट असते. त्यात एकावर एक असे दोन आडवे पाइप दिसतील. याला मॅनिफोल्ड म्हणतात. वरच्या पाइपातून सामान्यतः प्रत्येक खोलीची नळी निघते, खोलीत फिरून खालच्या पाइपाला परत येते. बिघाड शंभरातल्या बहुतेक वेळा या कपाटात असतो, फरशीखाली नव्हे, हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो.

आधी एवढेच पाहावे : सगळे घर थंड आहे की एकच खोली? सगळे घर थंड असेल तर दोष मुळाशी आहे. बॉयलरचे पाणीच कमी तापवलेले असेल, पंप फिरत नसेल, किंवा पाण्याचा दाब पडला असेल. दाबाचा काटा साधारण १ ते २ बारच्या दरम्यान हवा.

एकच खोली थंड असेल तर त्या खोलीच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळीला हात लावावा. जाणारी कोमट आणि येणारी गार असेल तर पाणी फिरतच नाही किंवा फार हळू फिरते. आमच्या वाचकांना याचे कारण समजायला पुस्तक नको, चाळीचा नळ आठवला की पुरे. एका लायनीवर पहिल्या खोलीचा नळ धो धो वाहतो आणि शेवटच्या खोलीत करंगळीएवढी धार येते. पहिल्या खोलीवाल्याने चावी थोडी आवळली तरच शेवटच्याचा हंडा भरतो. या नळ्यांचेही अगदी तसेच. न्हाणीघराची नळी आखूड, तिच्यातून पाणी सोप्या वाटेने पळते. बाळाच्या खोलीची नळी ८०-९० मीटर लांब, तिच्या वाट्याला काही उरत नाही. मॅनिफोल्डवर प्रत्येक नळीला एक काचेची नळकांडी असते, मिनिटाला किती लिटर पाणी जाते ते तिच्यात दिसते. आखूड नळ्यांच्या चाव्या आवळून लांब नळीला पाणी द्यायचे, एवढेच ते काम. जाणकार माणसाला दोन-तीन तास लागतात.

नळकांडीत पाणी अजिबात हलत नसेल तर नळीवरची पांढरी टोपी पाहावी. खोलीतल्या बटणाच्या हुकमावरून ही टोपी विजेवर उघडझाप करते. तिच्याखालची पिन उन्हाळाभर पडून राहिल्याने अडकते. दुसरा एक गमतीचा बिघाड म्हणजे तारांची अदलाबदल. बाळाच्या खोलीचे बटण फिरवावे आणि स्वयंपाकघराची नळी उघडावी! बटण पूर्ण वर करून पाचएक मिनिटांनी कोणती टोपी उघडते ते पाहिले की हे उघडकीस येते. नळीत हवा अडकली असेल तर खळखळ आवाज येतो, मग एकेक नळी पाण्याने धुवावी लागते.

जुन्या घरांचा प्रश्न थोडा वेगळा. १९७०-८० च्या काळात टाकलेल्या बऱ्याच प्लास्टिक नळ्यांतून हवेतला प्राणवायू पाण्यात झिरपतो, त्याने आतले लोखंड गंजते आणि काळा गाळ साचतो. थोडे पाणी काढून त्याचा रंग पाहिला की समजते. तिथेही आधी नळ्या धुवून पाहतात. फरशी फोडायची वेळ खरी येते ती गळतीमुळे, आणि गळतीची खूण म्हणजे पुन्हा पुन्हा पडणारा दाब.

आता मालकाविषयी. मुलगा स्वतः फिटर असला तरी भाड्याच्या घरात पान्हा लावू नये. बघावे, हात लावून अंदाज घ्यावा, फोटो काढावा, इथवर ठीक. दुरुस्ती करून देणे तिथल्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. हिवाळ्यात राहत्या खोलीत दिवसा २० ते २२ अंश मिळाले पाहिजेत, असे तिथली न्यायालये सर्वसाधारणपणे धरतात. नवीन मुले घर जाईल या भीतीने गप्प बसतात आणि विजेचा हीटर लावून वर्षअखेरीस मोठे बिल भरतात. गप्प बसू नये. तोंडी नाही, लेखी कळवावे : कोणती खोली, कोणत्या तारखांना किती अंश, नळ्यांची स्थिती काय. वहीतले आकडे इथे कामी येतात. भाडे मात्र आपल्या मनाने कापू नये. घर सदोष असेल तर भाडे कमी होण्याची तरतूद कायद्यात आहे, पण हिशेब चुकला तर थकबाकी अंगावर येते. आधी शहरातल्या 'मीटरफेराइन'कडे, म्हणजे भाडेकरू संघाकडे जावे. वर्गणी भरून सभासद झाले की ते सल्ला देतात, पत्रही लिहून देतात.

मालकाचा माणूस आला की घरी थांबावे. प्रत्येक नळीला मिनिटाला किती लिटर पाणी ठेवले ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे, कोणती नळी कोणत्या खोलीची तेही लिहून घ्यावे, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा.