खापर कुणाच्या माथी?

संगणकातून कुणाची माहिती चोरीस गेली की एक ठरलेले प्रवचन सुरू होते : लोक अडाणी आहेत, दिसेल तेथे बोट दाबतात, संकेतशब्द शेजाऱ्याला सांगतात; तेव्हा लोकांना शहाणे करा. बीड-धाराशिव रस्त्यावरील चौसाळ्यासारख्या गावात सातबारा, पीकविमा वा उत्पन्नाचा दाखला यांसाठी सेवा केंद्राच्या दारात बसणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि ऊसतोड मजुराच्या वाट्याला हेच प्रवचन येते. त्यात अर्धे सत्य आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी मात्र सोयीस्कर मौन पाळले जाते.

ते अर्धे असे. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या गाभ्यातील 'एएफडी' या ड्रायव्हरमधील एक दोष दुरुस्त केला. संगणकावरील प्रोग्रॅमांचा बाहेरच्या जाळ्याशी चालणारा व्यवहार या ड्रायव्हरच्या हातून होतो. दोष समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. एका वखारीत दोन मुनीम आहेत. पहिला चिठ्ठी पाहून सात नंबरच्या खोलीकडे निघतो. त्याच क्षणी दुसरा ती खोली रिकामी करून तिसऱ्याच्या हवाली करतो. पहिल्याच्या हाती जुनीच चिठ्ठी, खोलीत मात्र परक्याचा माल. एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबावे, एवढाच नियम हवा होता, तो नव्हता. संगणकाच्या स्मृतीत नेमके हेच घडले. यास 'रेस कंडिशन' म्हणतात. फट निमिषाचीच, परंतु यंत्र न थकता पुनःपुन्हा प्रयत्न करू शकते, आणि एकदा साधले की सामान्य अधिकाराने आत आलेला चोर साऱ्या यंत्राचा धनी होतो. उत्तर कोरियाशी संबंध जोडला जाणारी 'लाझारस' टोळी दुरुस्तीपूर्वीच या फटीचा लाभ घेत असल्याचे संशोधकांना आढळले होते. त्याच ड्रायव्हरमधील आणखी एक दोष फेब्रुवारी २०२५ मध्ये बुजवावा लागला. तोही चोरांच्या वापरात आल्यानंतरच!

यावर प्रतिवाद होईल की, चोर यंत्रात शिरतो तो वापरणाऱ्याच्या चुकीमुळेच. असेलही. परंतु अंगणाचे फाटक उघडे राहिले म्हणून घरातील तिजोरीचे कुलूप नुसत्या धक्क्याने उघडावे काय? तिजोरी ज्याने विकली त्याला याचा जाब कोण विचारणार?

खुल्या लिनक्समध्येही जाळ्याशी संबंधित भागात याच जातीचा दोष २०११ पासून २०१६ पर्यंत दडून होता. म्हणजे केवळ खुलेपणा हा तारक मंत्र नव्हे. फरक एवढाच की, तेथे दोष शोधणाऱ्यानेच दुरुस्तीही लिहून दिली. त्यासाठी त्याला कुणा कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागली नाही.

मर्जीचा हा प्रश्न आता पैशाचा झाला आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुढील दुरुस्तीसाठी संस्थांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि नंतर दरवर्षी दुप्पट, असा भाव लावण्यात आला. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा तेथील घरगुती ग्राहकांना एका वर्षाची दुरुस्ती शुल्काविना मिळाली. जे संघटित त्यांना सवलत, जे विखुरलेले त्यांना प्रवचन, असा हा न्याय आहे.

आपल्याकडे २०२२ च्या आदेशान्वये संगणकीय घटनेची खबर सहा तासांत देण्याचे बंधन संस्थांवर आले. मग दोषयुक्त माल विकणाऱ्यावर बंधन कोणते? युरोपीय संघाने २०२४ मध्ये यासाठी कायदा केला. त्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. भारतीय नागरिकाची माहिती काय कमी मोलाची आहे?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला, ते वापरात असेपर्यंत, सुरक्षेची दुरुस्ती विनामूल्य मिळावी. केंद्रचालकाच्या खिशावर तिचा भार नसावा. दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावर यावी. आणि यंत्र विश्वासार्ह नसेल तेथे कागदी अर्जाचा मार्ग खुला राहावा. शासनाने ज्या वाटेने चालण्याची सक्ती केली, त्या वाटेवरील खड्ड्यांचे उत्तरदायित्वही शासनाचेच. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत मांडावा. अडाणीपणाचे खापर गरिबाच्या माथी फोडण्याचा धंदा आता पुरे!