कानातल्या खड्याला ‘खोटा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

जून २०२३मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना प्रयोगशाळेत वाढवलेला ७.५ कॅरटचा हिरा भेट दिला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांचे अनुदान जाहीर झाले होते आणि हिरा ज्यावर वाढवतात त्या बीजावरील आयातशुल्क शून्यावर आणले गेले होते. पुढे मद्रासच्या आयआयटीला या कामासाठी २४२.९६ कोटी रुपये मंजूर झाले. देशभरच्या विज्ञानवार्तांनी या सगळ्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. मात्र सणासुदीचे दिवस आले की ‘खरा हिरा कसा ओळखाल, खोट्यापासून सावध कसे राहाल’ अशा मथळ्यांचे लेख आणि चित्रफिती फिरू लागतात. त्यांत झिर्कोनिया, मॉइसनाइट, पांढरा नीलम आणि प्रयोगशाळेतला हिरा हे सगळे एकाच ‘नकली’च्या पोत्यात कोंबलेले असतात. देशाने पाहुणीच्या हाती ठेवलेली भेट नकली होती काय, असा प्रश्न या लेखकांना पडत नाही.

पहिल्या पगारातून आईसाठी कानातले घ्यायला निघालेली मुलगी या गोंधळाची किंमत चुकती करते. सराफाच्या गादीसमोर तिला विचारले जाते, ‘खरे दाखवू की खोटे?’ त्या एका शब्दाने तिची निवड आधीच ठरवून टाकलेली असते. खोटे म्हटले की मान खाली जाते आणि खरे म्हटले की हप्ता सुरू होतो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हा प्रश्नच अर्थहीन आहे. स्फटिकाला अपवर्तनांक असतो, घनता असते, कठिणता असते. खरेपणा हा त्याचा गुणधर्म नव्हे. खोटे असू शकते ते त्याच्यावर लावलेले नाव. म्हणून हिशेब मागायचा तो नावांचा.

सर्वांत मोठी लबाडी आपल्या बाजारात राजरोस चालते आणि तिला कोणी खोटे म्हणत नाही. ‘अमेरिकन डायमंड’ नावाने गल्लोगल्ली विकला जाणारा खडा अमेरिकन नाही आणि डायमंडही नाही. तो झिर्कोनियम ऑक्साइडचा घनाकृती स्फटिक आहे, आणि त्याला मोठ्या प्रमाणावर वाढवण्याची रीत १९७०च्या दशकात मॉस्कोच्या लेबेडेव्ह भौतिकी संस्थेत विकसित झाली. तेथील शास्त्रज्ञांना लेसरसाठी स्फटिक हवे होते, दागिने नव्हे. झिर्कोनिया सुमारे २७०० अंश सेल्सिअसला वितळतो; इतक्या तापमानाला टिकेल अशी मूस आणायची कोठून? त्यांनी मूसच रद्द केली. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात झिर्कोनियाची भुकटी भरली आणि रेडिओ लहरींनी ती आतून वितळवली. बाहेरचा न वितळलेला थर हीच मूस झाली. थंड होताना स्फटिकाची घनाकृती रचना मोडू नये म्हणून त्यात यट्रियम किंवा कॅल्शियमचे ऑक्साइड मिसळले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून रशियात या खड्याला ‘फियानित’ म्हणतात. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत प्रयोगशाळेने घडवलेला हा सुंदर स्फटिक भारतीय दुकानात अमेरिकेच्या नावाने विकला जातो, आणि तरी खोटेपणाचा शिक्का बसतो तो खड्यावर!

मॉइसनाइटची कथाही अशीच. १८९३मध्ये आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ॲरिझोनातील अशनीच्या तुकड्यांत चमकदार कण सापडले. प्रथम त्याला ते हिरेच वाटले. पुढे ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचे त्यानेच ओळखले. निसर्गात हे खनिज इतके दुर्मीळ आहे की दागिन्यातला प्रत्येक मॉइसनाइट कारखान्यात वाढवलेला असतो, आणि विद्युत मोटारींच्या शक्ती-इलेक्ट्रॉनिकीत आज जो पदार्थ वापरतात तोच हा पदार्थ. दुर्मीळतेवरच मोल ठरत असेल, तर नैसर्गिक मॉइसनाइटपुढे हिरा रस्त्यावरची खडी ठरेल.

आता आकड्यांकडे वळू. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश २४.४ अंशांच्या क्रांतिक कोनापलीकडे पूर्ण आंतरिक परावर्तन पावतो आणि पैलूंवर आपटत पुन्हा वर येतो. झिर्कोनियाचा अपवर्तनांक सुमारे २.१७, क्रांतिक कोन सुमारे २७ अंश. मॉइसनाइटचा २.६५, कोन २२ अंश. म्हणजे प्रकाश परत पाठवण्याच्या कामात मॉइसनाइट हिऱ्याच्या पुढे आणि झिर्कोनिया किंचित मागे. पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे करण्याची क्षमता, म्हणजे अपस्करण, हिऱ्यात ०.०४४, झिर्कोनियात ०.०६च्या आसपास आणि मॉइसनाइटमध्ये ०.१०४. हिऱ्याची ‘आग’ म्हणून जिचे गोडवे गायले जातात ती या दोन्ही ‘नकली’ खड्यांत हिऱ्याहून जास्त आहे. मॉइसनाइटमध्ये तर ती इतकी जास्त की मोठा खडा लग्नमंडपातल्या झुंबरासारखा रंग उधळू लागतो, आणि ज्यांना शांत चमक आवडते त्यांना ते भडक वाटते. ही खरी आवडीनिवडीची बाब; तेथे सल्ला देणाऱ्याने गप्प राहावे.

याउलट ‘पण हा नैसर्गिक आहे’ म्हणून वाढीव दराने पुढे केला जाणारा पांढरा नीलम पाहा. अपवर्तनांक १.७७, अपस्करण ०.०१८. पांढरा पुष्कराज याहून खाली, १.६२च्या आसपास. (पुष्कराज म्हणजे टोपाझ की पिवळा नीलम, हेही आपल्या बाजाराने कधी धड ठरवलेले नाही.) दोन्ही टिकाऊ आणि देखणी खनिजे आहेत, पण हिऱ्यासारखी चमक हवी असणाऱ्याला ती विकणे म्हणजे निसर्ग या शब्दाचे पैसे घेणे. रंगीत नीलमाला रंगामुळे मोल आहे. रंग काढून घेतला की उरतो तो स्वच्छ कुरुंद, आणि त्यातून प्रकाश बराचसा खालून निघून जातो.

कठिणतेचा मुद्दा हे सराफाचे दुसरे अस्त्र. हिरा मोह्ज मापकावर १०, मॉइसनाइट ९.२५, झिर्कोनिया ८ ते ८.५. हे खरे आहे, आणि अंगठीसाठी महत्त्वाचेही. हात दिवसभर ओट्याला, दाराला, भांड्याला आपटत असतो. कान कशाला आपटतो? हवेतल्या धुळीत खरवडणारा घटक म्हणजे वाळूचे क्वार्ट्झ, त्याची कठिणता ७. काच त्याखाली आहे म्हणून काचेचे खडे लवकर अंधूक होतात. झिर्कोनिया त्याच्या वर आहे. डबीत इतर दागिन्यांबरोबर घुसळला गेला तर त्याच्या पैलूंच्या कडा वर्षानुवर्षांत झिजतील, हे कबूल केले पाहिजे. उपाय साधा आहे: वेगळी पुरचुंडी.

मग ‘एडी वर्षभरात काळवंडते’ हा अनुभव खोटा का? अनुभव खरा, निदान चुकीचे. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४५च्या आसपास आहे. केसांचे तेल आणि साबण यांचा थर खड्याच्या मागच्या बाजूस बसला की त्या पृष्ठाशी हवेऐवजी तेल येते, आणि झिर्कोनियाचा क्रांतिक कोन २७ अंशांवरून ४२ अंशांवर जातो. परतायचा तो प्रकाश मागून गळू लागतो. हिऱ्याचेही तेच होते: २४ अंशांवरून ३७. उलट हिऱ्याला स्निग्ध पदार्थांचे विशेष आकर्षण; दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या खाणीत चरबी फासलेल्या तक्त्यांवरून खडी वाहू देऊन हिरे वेगळे काढत, कारण हिरे चरबीला चिकटत आणि ओली खडी वाहून जाई. तेलकट हिरा सराफाकडे नेला की तो धुऊन चकाकता करून देतो आणि तेलकट झिर्कोनिया कचऱ्यात जातो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांचा अधिकार दोघांनाही सारखाच असायला हवा. मागे चांदीचा वर्ख लावून बंद कोंदणात बसवलेले खडे तेवढे भिजवू नयेत, वर्ख सुटतो.

चित्रफितींतला लाडका प्रयोग म्हणजे ‘डायमंड टेस्टर’ पेन. टोक टेकवले, आवाज आला, हिरा खरा! हे पेन बहुधा एकच गोष्ट मोजते: खडा उष्णता किती वेगाने वाहून नेतो. हिरा तांब्याच्या कित्येक पट चांगला उष्णतावाहक आहे, झिर्कोनिया जवळजवळ रोधक. पण सिलिकॉन कार्बाइडही उत्तम वाहक असल्याने मॉइसनाइटवरही तोच आवाज येतो, आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर तर येणारच, कारण तो हिराच आहे. एका राशीच्या मापनावरून खड्याची जात, जन्म आणि किंमत सांगणाऱ्या या प्रयोगाला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही बक्षीस मिळू नये.

या वादात दुसरी बाजूही निर्दोष नाही. ‘मॉइसनाइट डायमंड’ अशी वस्तू अस्तित्वात नाही, तरी ती विकली जाते. कॅरट हे वजनाचे एकक आहे, आकाराचे नव्हे, हे लपवून झिर्कोनिया कॅरटवर विकला जातो. साडेसहा मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा साधारण १ कॅरट, म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याच मापाचा झिर्कोनिया सुमारे १.६५ कॅरट भरतो आणि मॉइसनाइट ०.९. म्हणून पर्यायी खडा घेताना मिलिमीटर विचारावेत, कॅरट नव्हे. नैसर्गिक हिऱ्यांच्या पुडक्यात प्रयोगशाळेतले बारीक हिरे न सांगता मिसळणे ही तर सरळ फसवणूक आहे, आणि तिच्याबद्दल खाणवाल्यांची तक्रार रास्त आहे.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला ‘हरित’ म्हणण्याची घाईही तपासायला हवी. मिथेन आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणात सूक्ष्मलहरींनी प्लाझ्मा पेटवून हिऱ्याच्या बीजावर कार्बनचे थर बसवायचे, हे काम दिवसेंदिवस चालते आणि सतत वीज खाते. भारताची ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशातून येते. कारखाना स्वतःच्या सौरविजेवर चालत असेल तर त्याने तसा पुरावा द्यावा. ‘खाण नाही म्हणजे प्रदूषण नाही’ हे विधान कोणत्याही विज्ञानवार्तेने जसेच्या तसे छापू नये. आणि गुंतवणूक म्हणून तर हा हिरा घेऊच नये. त्याचे भाव सतत घसरत आले आहेत. ‘खऱ्या’ हिऱ्याचा शंभर वर्षे डंका पिटणाऱ्या डी बिअर्सने २०१८मध्ये स्वतःच प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचा ‘लाइटबॉक्स’ विकायला काढला, ८०० डॉलर कॅरट या दराने, आणि २०२५मध्ये तो बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याच २०१८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढला होता. व्याख्या रसायनशास्त्राकडे गेली, भाव बाजाराकडे राहिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मग कानासाठी काय घ्यावे? चार-पाच मिलिमीटरपर्यंतच्या टॉप्ससाठी नीट पैलू पाडलेला झिर्कोनिया पुरेसा आहे. मॉइसनाइटमध्ये प्रकाशकिरण दुभंगतो आणि भिंगाखाली पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. पण निरोगी डोळ्यालाही एका मीटरवरून ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, आणि कोणी कोणाच्या कानाशी भिंग घेऊन बोलत नाही. रंगांची उधळण हवी, रोज वापरायचे, डबीतही निष्काळजीपणे टाकायचे, तर मॉइसनाइट. हिराच हवा असेल तर प्रयोगशाळेतला, पण परत विकायच्या हिशेबाने नव्हे. किमतीत खड्यापेक्षा घडणावळ आणि धातूच जास्त असेल, आणि तेच योग्य आहे.

कारण या सगळ्या खडाजंगीत जी वस्तू प्रत्यक्ष शरीरात शिरते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. खडा कानाबाहेर असतो. दांडी पाळीच्या आत. स्वस्त कानातल्यांच्या धातूत बहुधा निकेल असते, आणि एकदा निकेलची ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तर चांदीचा कणही नसतो, ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे, आणि ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून महाविद्यालयांच्या दाराशी तेच ढिगांनी विकले जाते. युरोपीय संघात टोचलेल्या कानात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा कायदा आहे. आपल्याकडे १६ जून २०२१पासून सोन्याला हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण २ ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना त्यातून सूट आहे, आणि कानातले हलके टॉप्स नेमके त्याच सुटीत बसतात. म्हणून दुकानात ‘खरे की खोटे’ असे विचारले गेले, तर दांडी आणि फिरकी कोणत्या धातूची आहे, ९२५ चांदी, टायटॅनियम की केवळ मुलामा, हे विचारावे, आणि खड्याच्या रासायनिक नावासह ते पावतीवर लिहून मागावे. लिहून द्यायला नकार मिळाला, तर पुढचे दुकान गाठावे.