भिंत रंगवली, पण कागद कुठे आहे?

आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी दोन वर्षांपूर्वी कब्रस्तानाच्या भिंतीलगतचा उकिरडा हटवला. वर्गणी काढली, भिंत रंगवली, कडुनिंब आणि करंजाची बारा रोपं लावली. शब-ए-बरातला आलेला प्रत्येक जण दुआ देऊन गेला. पुढच्या पावसाळ्याआधी गटाराचं काम निघालं आणि रोपं जेसीबीखाली गेली. ठेकेदार म्हणाला, "इथे झाडं आहेत हे आम्हाला कुणी कळवलंच नाही."

राग आला. पण खरंच, पालिकेच्या दप्तरात आमची नोंद नव्हती. मी सुरुवातीलाच अर्ज द्या म्हणत होतो, तेव्हा एक बुजुर्ग हसले होते, "सर, सवाब के काम को अर्जी कायकू?"

माझं म्हणणं इथेच आहे. सवाब आपला, पण सफाई हे पालिकेचं काम आहे. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात रस्ते आणि गटारं साफ ठेवणं हे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. घरपट्टी आपणही भरतो. पोरं झाडू घेऊन उतरली की घंटागाडी यायची बंद होते, हा अनुभव आमच्यासारख्या वस्त्यांना नवा नाही. म्हणून संस्थेने पालिकेबरोबर काम जरूर करावं, मात्र फुकटचा सफाई कामगार होऊन नव्हे.

मुंबईत 1997 पासून 'एएलएम' ही पद्धत आहे. गल्लीतले रहिवासी समिती करतात, वॉर्ड ऑफिसात नोंदवतात, ओला-सुका कचरा वेगळा करतात आणि पालिका तो उचलते. सगळ्याच समित्या टिकल्या नाहीत, तरी कुणी काय करायचं याची वाटणी तिथे आधी ठरते. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी लेखी करारच केला.

या वेळी आमचा अर्ज एका पानाचा आहे. रंग, रोपं आणि दोन वर्षं पाणी आमच्याकडे. कचरा उचलणं, दिवा आणि खोदकामाआधी लेखी सूचना पालिकेकडे. वक्फच्या जागेचा प्रश्न निघू नये म्हणून कब्रस्तान कमिटीचं संमतीपत्र सोबत जोडलंय. (ते मिळवायला तीन जुम्मे गेले, तो किस्सा वेगळा.)

आवक-जावक खिडकीवरच्या बाईंनी पोच द्यायला टाळाटाळ केली. पोरं परत निघाली होती. मी त्यांना थांबवलं. शिक्का मिळेपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो.