गाडीवर नकाशा हवा? आधी फोनच्या पोटाचं बघा

थंडी पडली की नागपूरहून जबलपूरकडे निघणाऱ्या मोटरसायकली वाढतात. कुणाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार बघायचा असतो, कुणी जबलपूरच्या मामा-मावशीकडे लग्नाला निघालेलं असतं, तर कुणाला ग्वारीघाटावरून नर्मदा परिक्रमा उचलायची असते. मनसर, खवासा, सिवनी, लखनादौन असा हा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. हँडलवर फोन लावायचा, नकाशा सुरू करायचा आणि निघायचं, इतकं ते सोपं वाटतं.

पण उन्हात दिसावा म्हणून स्क्रीन पूर्ण उजळ ठेवलेली, त्यात सतत जीपीएस. सकाळी शंभर टक्के असलेला फोन दुपारी जेवायला थांबता तेव्हा लाल रेघेवर आलेला असतो. म्हणून त्याला गाडीवरूनच चार्ज द्यावा लागतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गाडीच्या बॅटरीचं पहिलं काम गाडी सुरू करण्याचं आहे. फोनला जे द्यायचं ते इंजिन चालू असतानाच.

हिशेब एकदा समजून घ्या

साधा यूएसबी चार्जर ५ व्होल्टवर २ अँपिअर देतो, म्हणजे १० वॅट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. वाटेत थोडी वीज उष्णतेत जाते हे धरलं तर बॅटरीतून तासाला साधारण १ अँपिअर-तास खर्च होतो. इंजिन चालू असताना गाडी एवढी वीज सहज पुरवते. पण १००-१२५ सीसीच्या अनेक गाड्यांची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-तासांचीच असते. ढाब्यावर गाडी बंद करून दोन तास फोन चार्जिंगला ठेवलात तर बॅटरीचा मोठा हिस्सा फोनच पिऊन टाकतो. बॅटरी पूर्ण संपायच्या कितीतरी आधी सेल्फ मान टाकतो.

पूर्वी अशा वेळी किक मारायची किंवा दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का द्यायचा, की गाडी चालू. आता बऱ्याच गाड्यांना किक नसते. २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. त्याच्या पंपालाही वीज लागते. बॅटरी अगदीच बसली असेल तर धक्का देऊनही उपयोग होत नाही. पेंचच्या जंगलपट्ट्यात, दिवस मावळताना, गाडी आणि फोन दोन्ही गप्प झाले तर काय, याचा विचार घरून निघण्याआधीच करा.

चार्जर बसवताना

तुमच्या गाडीला कंपनीचाच यूएसबी पॉइंट असेल तर तोच वापरा. नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि स्वतः उभं राहून पुढच्या गोष्टी बघा.

• वीज किल्लीनंतरच्या लाइनवरून घ्यावी. किल्ली बंद की चार्जरही बंद. थेट बॅटरीला जोडलेला, वर छोटा दिवा किंवा व्होल्टमीटर असलेला चार्जर सतत २० मिलिअँपिअर जरी खात असला तरी उभ्या गाडीची ४ अँपिअर-तासांची बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी होते.

• फ्यूज हवाच, आणि तो वीज जिथून घेतली त्याच्या जवळ. साध्या चार्जरला ३ अँपिअरचा, जलद चार्जरला माहितीपत्रकात लिहिला असेल तो. फ्यूज नसेल आणि वायर घासून उघडी पडली, तर वायर पेट घेऊ शकते.

• हेडलाइटची वायर कापून जोड देऊ नका. काही जुन्या छोट्या गाड्यांचा हेडलाइट एसी विजेवर चालतो. चार्जर तिथे जळून जाईल. नव्या गाडीची मूळ वायर कापली तर वॉरंटीचा प्रश्न येतो.

• वायर बसवल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा. वायर ताणली जाता कामा नये.

• पाच वॅटचा स्वस्त चार्जर घेऊ नका. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण टक्के खालीच येत राहतात. केबलही आखूड आणि जाड घ्या.

ऊन, पाऊस आणि हादरे

मे महिन्यात जबलपूरचा पारा ४० च्या पुढे जातो. तापलेला फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो आणि स्क्रीन मंद करतो. तेव्हा चार्जरला दोष देऊ नका, फोन काढून सावलीत ठेवा. वायरलेस चार्जिंगचा होल्डर फोन आणखी तापवतो, उन्हाळ्यात केबलच बरी. पावसात फोनचं चार्जिंगचं तोंड ओलं झालं असेल तर ते वाळेपर्यंत केबल लावू नका.

आणि कॅमेऱ्याचं काय? मोठ्या इंजिनाच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असं ॲपलनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. होल्डर घेताना हादरे शोषणारा घ्या.

फोनची भूकच कमी करा

निघण्याआधी घरच्या वाय-फायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. जंगलात रेंज शोधत बसलेला फोन मात्र बॅटरी खूप खातो. सरळ महामार्गावर स्क्रीन बंद ठेवून नुसत्या आवाजावर चालता येतं.

परिक्रमेला निघालेल्यांना मात्र नकाशाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. नकाशाला तो माहीत नाही. रस्ता जवळचा दिसला की तो तुम्हाला खुशाल पुलावरून पलीकडे नेईल. म्हणून एकच लांबचं ठिकाण टाकू नका. त्याच काठावरची गावं थांबे म्हणून एकामागून एक टाका, आणि तीच यादी कागदावर लिहून खिशात ठेवा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

सोबत १०,००० एमएएचची पॉवर बँक असू द्या. तिच्यातून आजकालचा ५,००० एमएएचचा फोन प्रत्यक्षात सुमारे दीड वेळा भरतो. गाडी बंद असताना फोनला हीच खाऊ घाला.

दोन शब्द घरच्यांसाठी

मुलगा किंवा सूनबाई गाडीवर निघाली की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, हे खरंच. पण दर अर्ध्या तासानं फोन केला की समोरचा नकाशा झाकला जातो आणि चालवणाऱ्याचं लक्ष उडतं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेला केंद्रीय नियमही हेच सांगतो: गाडी चालवताना फोन वापरायचा तो फक्त रस्ता बघण्यापुरता, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. त्यापेक्षा आधीच ठरवा. सिवनीला चहा घेताना एक मेसेज, लखनादौनला एक, आणि तिलवाऱ्याचा पूल ओलांडून जबलपुरात शिरल्यावर एक फोन.

गाडी निघण्याआधी आज संध्याकाळी एवढंच करून बघा. किल्ली बंद करा आणि चार्जरचा दिवा विझतो का ते पाहा. विझला नाही, तर आधी इलेक्ट्रिशियन गाठा, मग रस्ता.