'मुस्तफा'चा हरवलेला आवाज

बीदर जिल्ह्यातील जनवाडा असो, उदगीर असो वा आपल्याकडील म्हापसा, नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे टाकून उभा राहणारा मुलगा ज्या खेळाला 'मुस्तफा' म्हणत असे, त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 मध्ये तो आणला. पार्लरे बंद पडली. मुले मोठी झाली. आता तोच खेळ एमुलेटरच्या साहाय्याने संगणकावर वा मोबाइलवर चालवू पाहणाऱ्यांना अनेकदा एकच संदेश दिसतो : 'डीएल-1425' ही फाइल सापडली नाही. मग खेळ सुरूच होत नाही, किंवा सुरू झाला तरी मुका राहतो.

ही फाइल म्हणजे खेळाचा भाग नव्हे. ती आवाजाच्या चिपचा अंतर्गत प्रोग्रॅम आहे. मुस्तफाच्या यंत्रात 'क्यूसाउंड' ही ध्वनिप्रणाली होती आणि तिचे काम एटी अँड टी कंपनीच्या डीएसपी16ए जातीची एक चिप करीत असे. तिचा प्रोग्रॅम कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरलेला होता. तो बाहेरून वाचण्याची सोय नसल्यामुळे 1997 पासून विकसित होत असलेल्या 'मेम' या एमुलेटरने बरीच वर्षे या चिपच्या वागणुकीची अंदाजाने नक्कल केली. पुढे चिपचे आवरण रसायनांनी काढून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन तिच्यातील एकेक बिट उतरवून घेण्यात आला. 2018 च्या सुमारास ही फाइल मेमच्या नव्या आवृत्त्यांत आवश्यक ठरली. त्यामुळे जुन्या संग्रहातील खेळ नव्या एमुलेटरमध्ये अडतो. संग्रह बिघडलेला नसतो, एमुलेटर अधिक काटेकोर झालेला असतो.

दुरुस्ती फारशी अवघड नाही. एमुलेटरची आवृत्ती आणि खेळाचा संच एकाच काळातला हवा. मेमच्या अलीकडच्या आवृत्त्या ही फाइल 'क्यूसाउंड_एचएलई' नावाच्या वेगळ्या झिपमध्ये शोधतात. ती झिप न उघडता खेळाच्या झिपशेजारीच ठेवावी लागते. फाइलचा आकार नेमका 24,576 बाइट असतो. दुसऱ्याच एखाद्या फाइलला हे नाव देऊन एमुलेटरला फसवण्याचा उद्योग अनेक जण करतात, पण एमुलेटर नावाबरोबर पडताळणीचा आकडाही तपासतो.

खरा पेच पुढे आहे. ही फाइल वैध मार्गाने मिळवायची कोठून? ती विकत मिळत नाही. खेळही मिळत नाही, कारण तो मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर आधारलेला असल्यामुळे परवान्यात अडकला आहे. घरगुती यंत्रांसाठी तो अधिकृतपणे कधी आलाच नाही आणि 2018 मधील कॅपकॉमच्या जुन्या मारधाडीच्या खेळांच्या संचातही त्याला जागा मिळाली नाही. मूळ यंत्र जपणाऱ्यांचीही सुटका नाही. त्याच्या ध्वनिप्रोसेसरचा संकेत एका बॅटरीच्या आधारे स्मृतीत टिकवलेला असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि खरे यंत्रही मुके होते.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा अशा वेळी अर्धाच उपयोगी पडतो. कलम 52 अन्वये प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षणासाठी राखीव प्रत करता येते. परंतु मूळ बोर्ड आज किती जणांपाशी असेल? याच कलमात 2012 च्या दुरुस्तीने सार्वजनिक, अव्यावसायिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीची मुभा दिली, तीही ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. जी कृती जन्मतःच डिजिटल आहे, तिची बिगर-डिजिटल प्रत आणायची कोठून? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तक होते, चिप नव्हती. ही अट काढून टाकण्यास कोणाचे आर्थिक नुकसान होईल असे वाटत नाही, कारण प्रश्न बाजारात नसलेल्या वस्तूंचा आहे.

अमेरिकेतही चित्र फार वेगळे नाही. तेथील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या 2023 मधील पाहणीनुसार अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये, ग्रंथालयांनी जतन केलेले खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने वापरू देण्याची मागणी तेथे फेटाळण्यात आली. दुसरीकडे, मुस्तफाचा समवयस्क असलेला, त्याच क्यूसाउंडचा आणि चित्रकथेवरच आधारलेला 'द पनिशर' 2024 मध्ये कॅपकॉमच्या संग्रहातून अधिकृतपणे परतला. म्हणजे कंपन्यांनी मनावर घेतले तर परवान्याची गाठ सुटते, पण त्यासाठी 31 वर्षे लागली.

जाता जाता एक सांगायला हवे. नकली बोर्डांचा त्या काळी सुळसुळाट होता आणि मुस्तफाच्या अशा काही बोर्डांत क्यूसाउंड चिप नव्हतीच. तिच्याऐवजी ओकी कंपनीची साधी ध्वनिचिप बसवलेली असे. तेव्हा फाइल मिळवून सारे बिनचूक जुळवल्यावर जो आवाज ऐकू येईल, तो आपल्या पार्लरमध्ये ऐकलेलाच असेल याची खात्री नाही. कदाचित मूळ आवाज आपण पहिल्यांदाच ऐकत असू.