जिंकलात? आता सांगा, कुणाला सोडणार!

कप जिंकल्यावर चाहत्यांची पहिली मागणी काय असते? ‘हाच संघ पुढच्या वर्षीही ठेवा, एकालाही हात लावू नका!’ अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र विजयाची मिरवणूक संपते न संपते तोच संघ फुटायला लागतो. तो फुटावा, अशीच तिथली व्यवस्था आहे.

फिलाडेल्फिया ईगल्सचंच बघा. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०-२२ असा धुव्वा उडवून सुपर बोल जिंकला. चीफ्स सलग तिसऱ्या विजेतेपदाची स्वप्नं बघत आले होते. पण त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला ईगल्सच्या बचावफळीने सहा वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवलं. यालाच ‘सॅक’ म्हणतात. त्यातले अडीच सॅक जोश स्वेटच्या नावावर आणि दोन मिल्टन विल्यम्सच्या. (दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा, असा तिथला हिशेब!)

बरोबर महिन्याभराने हे दोघंही ईगल्समध्ये नव्हते. विल्यम्स चार वर्षांच्या १०.४ कोटी डॉलरच्या करारावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला. स्वेटला ॲरिझोना कार्डिनल्सने चार वर्षांसाठी ७.६४ कोटी डॉलर दिले. अनुभवी कॉर्नरबॅक डॅरियस स्लेला संघाने मोकळं केलं, सी. जे. गार्डनर-जॉन्सनला अदलाबदलीत ह्यूस्टनला पाठवलं. बरीच वर्षं संघाचा चेहरा असलेल्या ब्रँडन ग्रॅहमने मार्चमध्ये निवृत्ती जाहीर केली. जिंकणारा संघ असा हातातून का जाऊ द्यायचा? मालकाकडे पैसे नव्हते का?

खिसा सगळ्यांचा सारखाच

पैसे होते, पण खर्च करायची परवानगी नव्हती. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची ‘पर्स’ ठरलेली असते ना, तशीच एनएफएलच्या ३२ संघांना ‘सॅलरी कॅप’ असते. २०२५ साठी ती होती २७.९२ कोटी डॉलर, म्हणजे साधारण २,४०० कोटी रुपये. मालक कितीही गर्भश्रीमंत असो, ५३ खेळाडूंचा संघ त्यातच बसवायचा.

त्यात स्वस्त कोण पडतं? नवखे. कॉलेजमधून येणारी मुलं ‘ड्राफ्ट’मधून निवडली जातात आणि आदल्या मोसमात सगळ्यात खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. या मुलांचा सुरुवातीच्या चार वर्षांचा पगार ते कितव्या क्रमांकावर निवडले गेले यावरून जवळपास ठरलेला असतो. विल्यम्स २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत आला होता. चार वर्षं तो त्या ठरलेल्या पगारावर खेळला, मोठ्या सामन्यात चमकला आणि नेमका तेव्हाच त्याचा करार संपला. आता तो ‘फ्री एजंट’, म्हणजे हव्या त्या संघाशी बोलणी करायला मोकळा. सुपर बोलमध्ये साऱ्या जगाने त्याचा खेळ बघितलेला, मग भाव वाढणारच! जिंकणं महाग पडतं ते असं.

धरायचं कुणाला?

ईगल्सचे जनरल मॅनेजर हॉवी रोझमन यांनी कुणाला सोडलं यापेक्षा कुणाला धरलं ते बघा, म्हणजे त्यांचा हिशेब कळेल. लाइनबॅकर झॅक बॉन २०२४ मध्ये फक्त एका वर्षाच्या ३५ लाख डॉलरच्या करारावर आला होता. प्रशिक्षक विक फँजिओंनी त्याची जागा बदलली आणि त्याच मोसमात तो ऑल-प्रो झाला. संघाने त्याला तीन वर्षांचा ५.१ कोटी डॉलरचा करार दिला. धावपटू सेक्वॉन बार्कलीलाही वाढवून दिलं, दोन वर्षांचे ४.१२ कोटी डॉलर.

मग विल्यम्सला का नाही? कारण त्याच्याच फळीत जेलन कार्टर आणि जॉर्डन डेव्हिस होते. दोघंही पहिल्या फेरीतले, दोघांचे नवखेपणाचे करार तेव्हा अजून चालू होते. उद्या कार्टरला मोठी रक्कम द्यावी लागणार, हे तेव्हाच दिसत होतं. स्वेटच्या जागेसाठी नोलन स्मिथ आणि जॅलिक्स हंट तयार होत होते. बॉनची जागा घेणारं मात्र रांगेत कुणी नव्हतं. थोडक्यात, रोझमन यांनी ‘कोण चांगला?’ एवढंच विचारलं नाही. ‘तो गेला तर मागे कोण आहे?’ हेही विचारलं.

तरी भोकं पडलीच. उजव्या गार्डची जागा मेकाय बेक्टन चार्जर्सकडे गेल्याने रिकामी झाली. क्विन्यॉन मिचेलच्या समोरच्या बाजूला स्लेसारखा कसलेला कॉर्नरबॅक उरला नाही. बाजूने घुसून क्वार्टरबॅकला गाठणाऱ्यांमध्ये तेव्हा स्वेट आणि ग्रॅहम दोघंही नव्हते. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये लाइनबॅकर जिहाद कॅम्पबेल (३१वा) आणि सेफ्टी अँड्र्यू मुकुबा (६४वा) आले. गार्डनर-जॉन्सनच्या जागेची सोय मुकुबामुळे झाली. बाकीच्या तीन जागांवर भरवसा होता तो घरच्याच तरुण पोरांवर आणि स्वस्तातल्या करारांवर.

आणखी एक युक्ती आहे. करार करताना दिला जाणारा बोनस हिशेबात पाच वर्षांपर्यंत विभागून दाखवता येतो. म्हणजे बुलेट आज घरी आणायची, हप्ते पाच वर्षं फेडायचे. कॅप दरवर्षी वाढत असेल तर पुढचे हप्ते हलके वाटतात. २०२४ ची २५.५४ कोटींची कॅप एका वर्षात २७.९२ कोटींवर गेली, तेव्हा ही युक्ती चालून गेली. पण खेळाडू जखमी झाला किंवा निघून गेला, तरी हप्ते चालूच राहतात. ईगल्सचं पुढचं दुखणं इथून उद्भवू शकतं.

आता खेळाडूच्या बाजूने बघा

इथवर सगळा हिशेब मालकांच्या बाजूचा झाला. पण मोकळं होण्याचा हा हक्क खेळाडूंना कुणी बक्षीस दिलेला नाही. १९९३ आधी करार संपल्यावरही मनासारखा संघ निवडणं एनएफएलच्या नामवंत खेळाडूंना जवळपास अशक्य होतं. खेळाडू कोर्टात गेले. त्यातल्या एका खटल्यावर नाव होतं रेजी व्हाइटचं, आणि तो ईगल्सचाच स्टार! हक्क मिळाल्यावर तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि जानेवारी १९९७ मध्ये त्यांच्याकडून सुपर बोल जिंकला. मालकांना बदल्यात मिळाली सॅलरी कॅप. १९९४ मध्ये ती होती ३.४६ कोटी डॉलर.

तीस वर्षांनी त्याच हक्काने बार्कली ईगल्सकडे आला. न्यूयॉर्क जायंट्सने २०२३ मध्ये ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून, म्हणजे एका वर्षाचा ठरावीक पगार देऊन, त्याला अडवून ठेवलं होतं. २०२४ मध्ये तो सुटला आणि नव्या संघाकडून २,००५ यार्ड धावला. जायंट्सने त्या मोसमात १७ पैकी फक्त तीन सामने जिंकले.

आता आपल्याकडे या. २०२४ ची आयपीएल कोलकात्याला जिंकून देणारा कर्णधार आपला मुंबईकर श्रेयस अय्यर. पुढच्या मोसमासाठी कोलकात्याच्या रिटेन्शन यादीत त्याचं नावच नव्हतं. पंजाबने त्याला २६.७५ कोटींना घेतलं आणि तो त्यांना थेट फायनलपर्यंत घेऊन गेला. कोलकात्याला प्लेऑफसुद्धा गाठता आली नाही. ‘मागे कोण आहे?’ या प्रश्नाचं उत्तर चुकलं की काय होतं, ते इथे दिसतं.

पण फरकही लक्षात घ्या. बार्कलीने आपला संघ स्वतः निवडला, श्रेयससाठी लिलावातल्या हातोड्याने निवडला. ३० लाखांच्या मूळ किमतीवर नाव नोंदवणाऱ्या पोराला तर कुठल्या शहरात खेळायचंय, हे कुणी विचारतही नाही. ‘लिलाव नसेल तर श्रीमंत संघ सगळे स्टार पळवतील,’ असं म्हटलं जातं. पण ते रोखायला खर्चाची मर्यादा पुरते, हे एनएफएलने दाखवलंय. तिथेही ड्राफ्टमध्ये नवख्यांना निवड नाही आणि टॅगची बेडी आहेच. तरी चार वर्षं घाम गाळल्यावर ‘आता माझं मी ठरवतो’ म्हणायची सोय आहे. आपल्या खेळाडूंनाही ती का नसावी? पुढच्या लिलावाच्या वेळी कट्ट्यावर कोण किती कोटींना गेला यावर वाद घालालच, तेव्हा हाही प्रश्न टाकून बघा.

ईगल्सचा नवा मोसम ४ सप्टेंबर २०२५ ला डॅलस काउबॉइजविरुद्ध सुरू झाला. आपल्याकडे तोवर ५ तारखेची पहाट झाली होती. ईगल्सचा सामना बघाल तेव्हा चेंडूवरून नजर जरा बाजूला काढा आणि विल्यम्सच्या जागी कोण उभा आहे ते बघा. ईगल्सचा हिशेब बरोबर होता की नाही, ते तिथेच कळेल.