परदेशी मुलांकडे राहण्याचा खर्च

गंगापूर रोडवरील घर विकून परदेशी मुलांकडे कायमचे जावे, असा विचार अनेक ज्येष्ठ दांपत्ये करतात. तेथे घरभाडे नाही, किराणा नाही. म्हणून खर्च कमी, असा हिशेब मांडला जातो. त्यात आजारपणाचे पान मात्र कोरेच राहते.

अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाले, तरी तेथे कधी नोकरी न केलेल्या आईवडिलांना मेडिकेअर घेण्यासाठी वयाची 65 वर्षे आणि सलग 5 वर्षांचे वास्तव्य पूर्ण करावे लागते. पुढे हप्तेही असतात. कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. इकडे आयुष्मान भारत योजनेत सत्तरी पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे.

नातवंडांच्या सहवासाचे मोल पैशांत होत नाही, हे खरे. परंतु सकाळी घर रिकामे झाल्यावर आपला दिवस कसा जाईल? मोटारीवाचून देवळात, दवाखान्यात जाता येईल का? रोजचे फिरणे आणि चार माणसांशी बोलणे हेही औषधच आहे.

म्हणून प्रथम एक हिवाळा तेथे काढून पाहावा. जुन्या आजारांचा खर्च विम्यात धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. औषधांची चिठ्ठी मूळ नावांनिशी जवळ ठेवावी. आणि तोवर नाशिकचे घर विकू नये. परतीची वाट मोकळी असली, की तेथेही मन निश्चिंत राहते.